सातव्या वाडग्यावर बसलेला कुत्रा

पूर्वी शालवती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका कुत्रीच्या पोटी जन्म घेतला होता. अंगावर राखाडी आणि तांबूस ठिपके, म्हणून त्याचे नाव कर्बुर.

भद्रसेन मोठा शूर. रणात पिसाळलेला हत्ती समोर आला तरी त्याचे पाऊल मागे सरत नसे. पण अंथरुणात एखादा ढेकूण दिसला, की हाच शूरवीर पलंगावरून उडी मारून थेट दाराशी जाऊन उभा राही. राजाला हसायचे कोणी? ही भीती त्या घराण्यातच होती, म्हणून त्याच्या आजोबांच्या काळापासून राजवाड्यात एक कुत्रा नेमलेला असे. त्याला शय्यारक्षक म्हणत. रोज संध्याकाळी त्याने पलंगाभोवती फिरायचे, उशा हुंगायच्या, पलंगाखाली डोकावायचे, आणि मगच राजाने पाठ टेकायची. कर्बुर हे काम नऊ वर्षे करीत होता.

त्याला सांभाळणारी उत्पला नावाची बाई राजवाड्यामागच्या खोलीत राहत असे. तिला आगेमागे कोणी नव्हते. कर्बुराचे डोळे उघडले नव्हते तेव्हापासून तिने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्याला वाढवले होते. त्याच्या साऱ्या खुणा तिला पाठ होत्या. ढेकूण असला तर तो एकदाच पंजा घासी. झुरळ असले तर शेपटी ताठ करी. मुंग्यांची रांग लागली तर खाली बसून ती संपेपर्यंत नुसता पाहत राही, कोणाची वरात चालली असावी तसा. सापडलेला किडा तो कधी चावत नसे. ओठांत हलकेच धरून बागेत नेऊन सोडी आणि परत येऊन जागेवर बसे. आणखी एक खूण होती, ती मात्र उत्पलेखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. पिल्लू असताना त्याच्या पुढच्या डाव्या पायाला विंचू डसला होता. तीन दिवस तो तडफडला होता. तेव्हापासून विंचवाचा वास आला, की तो डावा पाय उचलून धरी आणि तो पाय थरथरे.

राजवाड्याचा एक जुना रिवाज होता. शय्यारक्षक दहा वर्षांचा झाला, की त्याची एका तरण्या कुत्र्याशी स्पर्धा लावायची. अंगणात काशाचे सात वाडगे पालथे घालायचे. प्रत्येकाखाली एक किडा. वाडगा उचलला, की जो कुत्रा किडा आधी पकडील त्याचा तो वाडगा. जो वाडगा उचलू देणार नाही, तो सगळीच स्पर्धा हरला. जिंकणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने राजाकडे एक गोष्ट मागायची. हरणाऱ्या कुत्र्याला सीमेवरच्या किल्ल्यात पाठवायचे, वीस दिवसांच्या वाटेवर, एकट्याला. तिथे गेलेला म्हातारा कुत्रा परत आल्याचे कोणी ऐकले नव्हते. रिवाज घालणाऱ्यांनी किडा पकडतो कोण एवढेच पाहिले. ओळखतो कोण, हे पाहायचे राहूनच गेले.

कर्बुरासमोर उभा राहिला झंपक. अकरा महिन्यांचा, पिवळाधमक, कान मोठे आणि अक्कल अजून यायची. त्याचा मालक वृषक हा उत्पलेचा शेजारी. आठ दिवस तो साऱ्या गल्लीला सांगत सुटला होता.

"मी काय मागणार माहीत आहे? राजाच्या हत्तीवर बसून नगरभर फेरी! अंबारीत! तू खालून बघ हो उत्पले."

"बघीन की," उत्पला म्हणाली. खोलीत येऊन मात्र तिने कर्बुराच्या मानेत तोंड खुपसले आणि पोटभर रडली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळपासूनच अंगण फुलून गेले. भिंतींवर माणसे, झाडांवर माणसे. किडे आणणारा म्हातारा सुमुख वाडग्यांपाशी उभा राहिला. त्याला डोळ्यांनी कमी दिसू लागले होते, पण तो हे कोणाला कळू देत नसे.

पहिला वाडगा उचलला. झुरळ! ते सुसाट सुटले आणि थेट अमात्यांच्या धोतरात शिरले. अमात्य जागच्या जागी नाचू लागले. झंपकाने धोतरात मुसंडी मारली आणि झुरळ गिळूनच बाहेर आला. लोक हसून हसून बेजार झाले.

दुसऱ्याखाली नाकतोडा. झंपक उडाला, नाकतोडा उडाला, पुन्हा झंपक, पुन्हा नाकतोडा. कर्बुर शांतपणे चार पावले चालत गेला, एका जागी बसला आणि त्याने तोंड उघडले. नाकतोडा तिथेच येऊन पडला. उत्पलेने आनंदाने टाळी वाजवली.

तिसऱ्याखाली छेडला की घाण सोडणारा हिरवा किडा. कर्बुर एक वास घेऊन मागे सरला. झंपकाने तो तोंडात घातला मात्र, त्याच्या तोंडाला फेस आला. तो सात वेळा शिंकला आणि नाक पुसायला त्याला वृषकाचे नवे उपरणेच सापडले. तरीही वाडगा त्याचाच! चौथ्याखालचा रातकिडा फरशीच्या फटीत दडला. कर्बुराने कान तिरका करून तो शोधला. पाचवा झंपकाचा, सहावा कर्बुराचा.

तीन आणि तीन! लोक भिंतीवरून खाली उतरून पुढे सरसावले. राजाही सिंहासनाच्या कडेला आला. एक वाडगा, एकच, आणि उत्पलेचा कर्बुर तिच्याजवळ राहणार होता.

सुमुख सातव्या वाडग्याकडे वाकला. झंपक पोट जमिनीला टेकून, शेपटी हलवत, नाक वाडग्याच्या कडेला लावून तयार. आणि तेवढ्यात कर्बुर धावला. त्याने झंपकाला खांद्याने ढकलले, वाडग्यावर चढला आणि वर चक्क बसला!

असा हशा उठला की झाडांवरचे पक्षी उडाले.

"म्हातारा दमला!" वृषक ओरडला. "त्याला बसायला चौरंग आणा रे!"

सुमुखाने त्याला ओढून पाहिले. दोन सेवकांनी ओढले. कर्बुर हलेना. झंपक भोवती गोल गोल फिरत भुंकू लागला, मधेच वाडग्याखाली नाक घालू पाहू लागला, आणि दर वेळी कर्बुर त्याला गुरगुरून मागे लोटू लागला.

"उत्पले," राजा म्हणाला, "तुझा कुत्रा तुझंच ऐकतो. त्याला हाक मार. खाली उतरला तर खेळ पुढे चालू. नाही उतरला तर तो हरला."

उत्पलेने हाक मारायला तोंड उघडले आणि तिची नजर कर्बुराच्या पायांवर गेली. पुढचा डावा पाय वर उचललेला होता. थरथरत होता.

तिला सगळे कळले. वाडग्याखाली काय आहे ते आता त्या साऱ्या अंगणात दोघांनाच ठाऊक होते, कर्बुराला आणि तिला. आणि त्याबरोबरच दुसरेही काही तिच्या ध्यानात आले. नुसते "ये" म्हटले की कर्बुर उतरेल. वाडगा उचलला जाईल. झंपक झेप घेईल. त्याला डंख बसेल, तो खेळातून जाईल आणि कर्बुर जिंकेल. तिने काही केले असे कोणी म्हणणार नाही. राजाची आज्ञाच तशी होती.

तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. कर्बुर तिच्याकडे पाहत होता, रोज दूध पिऊन झाल्यावर पाही तसा, पूर्ण भरवशाने. आणि त्याच्या पोटाखालून ते मोठ्या कानांचे बावळट पिल्लू आत घुसायची धडपड करीत होते.

"महाराज," उत्पला मोठ्याने म्हणाली, "वाडगा उचलू नका. माझा कुत्रा हरला. मी कबूल करते. आता आधी झंपकाला धरा, खाली विंचू आहे!"

वृषकाचे हसणे तोंडातच विरले. तो धावला आणि झंपकाला उचलून त्याने छातीशी घट्ट धरले. तेव्हा कुठे उत्पलेने हाक मारली आणि कर्बुर आपणहून उतरला. एका सैनिकाने भाल्याच्या टोकाने वाडगा दुरून कलता केला.

आत वीतभर लांब काळीभोर इंगळी होती, नांगी उगारलेली. आणि तिच्या पाठीवर पांढरी, तांदळाएवढी पिल्ले दाटीने चिकटून बसली होती. सुमुखाने लाकडांच्या ढिगापाशी भुंगेरा वाडग्याने झाकला, खाली पळसाचे पान सरकवले आणि उचलून आणला, त्यात ही आली होती. भुंगेरा तर तिने केव्हाच फस्त केला होता.

राजा सिंहासनावर चढून उभा राहिला. कोणीतरी ओरडले, "ठेचा तिला!" सैनिकाने भाला उगारला. नऊ वर्षांत माणसावर कधी दात न दाखवलेला कर्बुर मधे आडवा झाला आणि त्या सैनिकाकडे पाहून असा गुरगुरला की भाला आपसूक खाली आला.

"राहू दे," राजा सिंहासनावरूनच म्हणाला. आवाज जरा कापत होता. "तिचीही पोरं आहेत. सुमुखा, जिथून आणलीस तिथे सोडून ये. आणि उद्यापासून डोळ्यांना औषध घाल."

इंगळी गेली. राजा खाली उतरला आणि उत्पलेसमोर आला.

"हरला म्हणण्याआधीच खाली विंचू आहे हे तुला कळलं होतं?"

"हो महाराज." उत्पलेचे डोळे भरून आले. "खोटं कशाला सांगू? मनात आलं होतं, हाक मारावी. झंपक गेला असता, माझा राहिला असता. पण त्यानं पाय उचलला होता. ज्याला विंचवाची इतकी भीती वाटते, तोच त्या वाडग्यावर बसला होता. मग मला हाक मारवेना."

"रिवाज माझ्या आजोबांचा आहे," राजा म्हणाला. "मला मोडता येत नाही. कर्बुर हरला, झंपक जिंकला. वृषका, तुझं मागणं माग."

वृषकाने राजाच्या हत्तीकडे पाहिले. झूल घालून, अंबारी चढवून तो दाराशी उभा होता. आठ दिवस वृषकाला झोपेत हीच अंबारी दिसत होती. मग त्याने काखेतल्या झंपकाकडे पाहिले. तो आपला माशीवर तोंड मारत होता.

"महाराज," वृषक म्हणाला, "या गाढवाला काहीही कळत नाही. हा तुमच्या पलंगाची राखण करणार म्हणजे पंधरा दिवसांत मरणार. याला शिकवायला कोणीतरी म्हातारं माणूस हवं. माझं मागणं एवढंच, की कर्बुराला इथेच राहू द्या."

उत्पला मटकन खाली बसली. कर्बुर येऊन तिचे तोंड चाटू लागला. अंगणात एवढा आरडाओरडा झाला की हत्तीनेही सोंड वर करून त्यात सूर मिसळला. हत्तीवरून कोणीच गेले नाही. उत्पला आणि वृषक पायीच घरी निघाले. पुढे कर्बुर चालला होता आणि त्याची शेपटी तोंडात धरून झंपक.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली ती एका दुपारी. त्या दिवशी भिक्षूंच्या चीवरवस्त्रांच्या ढिगातून एक झुरळ निघाले होते. विहाराच्या दाराशी राहणारे कुत्रे भुंकत आत आले, आणि तिष्यक नावाच्या तरुण भिक्षूने केरसुणी घेऊन झुरळामागे धावताना पाण्याचा रांजण फोडला होता.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचा झंपक म्हणजे आजचा तिष्यक. उड्या अजून गेल्या नाहीत." सगळे हसले. तिष्यकही हसला. "वृषक म्हणजे हा मोठ्या आवाजाचा महानाद, राजा म्हणजे झुरळ पाहून चौरंगावर चढलेला आपला भांडारपाल. उत्पला म्हणजे रोज सकाळी येऊन हे अंगण झाडणारी उपासिका विमलिका. आणि कर्बुर मीच होतो."

"आणि भंते, ती इंगळी?" तिष्यकाने विचारले.

शास्त्यांनी त्या भरलेल्या सभेवरून सावकाश नजर फिरवली. "तिची पिल्लं पुष्कळ होती, तिष्यका. त्यांतली कितीतरी आज इथे बसून ही कथा ऐकत आहेत."

जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. तिष्यक उठला, त्याने कोपऱ्यात दडलेल्या झुरळावर आपले भिक्षापात्र अलगद पालथे घातले, खाली एक पान सरकवले आणि ते बाहेर नेऊन सोडले.

"याला मैत्री म्हणतात," शास्ते म्हणाले.