सांगाडा आणि घंटी

सांगलीत जुन्या सायकलींची स्पर्धा होती. परीक्षक दादासाहेब रास्ते यांनी भाषणात आपले नवे दात आणि नवा गुडघा यांचंच कौतुक सांगितलं. मग ते कुमुदने भंगारबाजार पालथे घालून उभ्या केलेल्या सायकलीपाशी अडले.

"सीट नवी, चेन नवी, रंग तर कालचा. जुनं काय आहे हिच्यात?"

"सांगाडा आणि घंटी," कुमुदने सांगितलं.

"तेवढ्यावर जुनी म्हणायची? बाद."

कुमुद वैतागली. "दादासाहेब, तुमचे दात नवे, गुडघा नवा, केसांचा रंगही कालचा. सांगाडा आणि तोंडाची घंटी तेवढी जुनी. मग तुम्हालाही बाद करायचं का?"

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "राहू द्या हो तिची सायकल. मीही जुनंच चालवून घेतेय."