धावणारा आरोग्यसेवक

“...पण मग मला मेलेला का ठरवलंत, चाचा?”

नंदेश मयेकरच्या छातीवर खडूची ही एवढी मोठी फुली होती. शर्ट नवा कोरा होता.

परकार चाचा शाळेच्या पायरीवर बसून चहा पीत होते. सारी हयात अग्निशमन दलात गेलेली. निवृत्त झाल्यावर ते बंदरपट्टीतल्या आरोग्यसेवकांना आणि आशाताईंना शिकवत फिरायचे. कुठे वायू सुटला, रसायनाचा टँकर उलटला, तर काय करायचं ते.

“मेलास, म्हणून मेलेला ठरवलं.”

“पण सगळ्यांच्या आधी मी पोचलो!”

“म्हणूनच.”

मागे बसलेल्या आशाताई तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

झालं होतं असं. मैदानाच्या मधोमध एक बुजगावणं निजवलं होतं आणि शेजारी ओल्या पाल्याचा धूर केला होता. धूर विषारी आहे असं समजायचं आणि माणूस वाचवायचा. शिट्टी वाजली आणि नंदेश बाणासारखा सुटला. पुराच्या पाण्यात उडी टाकून म्हातारीला काढणारा, उधळलेल्या वळूला शिंगांना धरून थोपवणारा, अशी त्याची गावात ख्याती होती. आणि ती गावापेक्षा त्याला जास्त पाठ होती. बुजगावण्यापाशी गुडघे टेकतो न टेकतो, तोच चाचांनी त्याच्या छातीवर फुली ओढली.

“झोप आता.”

मग त्याला झोळीत घालून मैदानाबाहेर न्यायची पाळी आशाताईंवर आली. दर्शनाताई सुर्वे घामाघूम होऊन म्हणाल्या, “मेल्या, मरायचंच होतं तर सकाळी घावणे तरी कमी खायचेस!”

ते हसणं नंदेशला अजून झोंबत होतं.

“चाचा, समोर माणूस तडफडतोय आणि मी नुसता उभा राहू?”

“राहा.”

“कुठवर?”

“वारा दिसेपर्यंत.”

“वारा काय दिसतो होय?”

चाचांनी कप खाली ठेवला. वाकून मूठभर माती घेतली, हात वर केला आणि मूठ उघडली.

माती थेट नंदेशच्या डोळ्यांत गेली.

“अहो चाचा!”

“मी तर सरळ खाली सोडली होती...”

नंदेश डोळे चोळत चाचांच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभा राहिला. चाचांनी पुन्हा मूठभर माती सोडली. या वेळी त्याच्यावर कणही आला नाही.

“हे कळलं,” नंदेश म्हणाला. “पण थांबायचं म्हणजे... हे भित्र्यांचं काम झालं.”

चाचांनी कप पुन्हा उचलला. चहा संपवला.

“भित्रा थांबतो, त्याला शिकवावं लागत नाही,” ते म्हणाले आणि पुढची शिट्टी फुंकली.

नंदेशला काही ते पटलं नाही. चाचांपुढे त्याने मान हलवली, पण मनात म्हणाला, म्हाताऱ्याच्या पायांत आता जोर उरला नाही.

प्रशिक्षण संपत आलं होतं. दुपारची जेवणं उरकून मंडळी नुकतीच सावलीला टेकली होती, तेवढ्यात धक्क्याच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला.

बर्फाच्या कारखान्यात नळी फुटली होती. बर्फ गोठवायला आत अमोनिया खेळवतात, तोच बाहेर पडत होता. जरा हुंगला तरी नाक-डोळे पेटतात, आणि फार झाला तर माणूस उरत नाही.

चाचांनी अग्निशमन दलाला फोन लावला आणि दर्शनाताईंना घेऊन डोळे-अंग धुवायच्या पाण्याची सोय बघायला वळले. नंदेश तोवर धक्क्याकडे निघालासुद्धा होता.

दिन्या आत होता. दिन्या म्हणजे त्याचा लंगोटीयार, कारखान्यात यंत्र सांभाळणारा. भोंगा वाजल्यावर सगळे कामगार बाहेर आले. दिन्या मात्र झडप बंद करायला मागे राहिला होता.

कारखान्याच्या दारातून पांढरट ढग लोळत बाहेर येत होता. त्यात दिन्याची हाक ऐकू आली... की भास झाला, नंदेशला कळलं नाही.

तो धावत दाराच्या रोखाने गेला. आणि मग थांबला.

कसा थांबला ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. पाय जमिनीत रुतले होते आणि तरी लटलटत होते. त्याने वर पाहिलं. धक्क्याला लागलेल्या होड्यांवरचे झेंडे ताठ फडफडत होते. सगळे बाजाराच्या दिशेला.

आणि कोळणी टोपल्या टाकून बाजाराच्याच रस्त्याने पळत होत्या. ढग त्यांच्या पाठोपाठ चालला होता.

“बाजारात नको!” नंदेश घसा फाटेस्तोवर ओरडला. “आडव्या जा! वाळूवर! वाळूवरनं देवळाकडे!”

“अरे, रस्ता इकडे हाय ना!”

“वारापण तिकडेच जातोय, मावशे! पदर भिजव, नाकाला लाव आणि चल वाळूवर!”

एक वळली, तिच्यामागे दुसरी. मग सगळा घोळका वळला. ढग रस्त्यावरून रिकाम्या टोपल्यांवर पसरत पुढे गेला.

नंदेश वाऱ्याकडे तोंड करून फिरला आणि वळसा घालून समुद्राच्या अंगाला गेला. तिथून कारखान्याचं दार नीट दिसत होतं. दार दिसत होतं आणि दिन्या दिसत नव्हता. तिथे तो उभा राहिला.

गावातला एक म्हातारा ओरडला, “काय रे मयेकरा, आज नाही का उडी टाकणार?”

नंदेशने दारावरची नजर काढली नाही. ओठ दाताखाली धरला होता.

बंब आला तेव्हा त्याने हात हलवून त्यांना आपल्याच बाजूला बोलावलं. आत कोण आहे, कुठल्या खोलीत, झडप कुठे, सगळं सांगितलं. पाठीवर हवेची नळकांडी बांधलेले दोघे जवान ढगात शिरले.

नंदेश बघत राहिला...

बाहेर आले ते तिघे होते.

पुढचं काम मात्र नंदेशचं होतं. दिन्याचे कपडे त्याने कापून काढले आणि दर्शनाताईंनी तयार ठेवलेलं पाणी डोळ्यांवर धरलं ते धरलंच. पिंपं रिकामी झाली, आशाताई भरून आणत राहिल्या.

“पुरे कर रे...” अखेर दिन्या खोकत खोकत म्हणाला. “वायूतनं वाचलो तर तू बुडवून मारतोयस!”

नंदेश हसला, मग रडला, आणि पाणी काही थांबवलं नाही.

रुग्णवाहिका दिन्याला घेऊन गेली. बरोबर गेलेल्या डॉक्टरीणबाईंचा थोड्या वेळाने फोन आला, डोळे शाबूत आहेत, छातीही बरी होईल. देवळापाशी कोळणींनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नंदेशच्या हातात तळलेला बांगडा ठेवला. कुणीतरी त्याला खांद्यावर घ्यायला निघालं, तर दर्शनाताई म्हणाल्या, “घ्या, घ्या! मी एकदा उचललाय, आता तुमची पाळी!”

नंदेश मात्र सगळ्यांमधून निसटला.

चाचा धक्क्याच्या टोकाला एका पालथ्या होडीवर बसले होते. नंदेश समोर येऊन उभा राहिला. मान खाली.

“चाचा, सगळे मला शाबासकी देतायत. पण मी काही केलं नाही. माझा दोस्त आत होता आणि मी... बाहेर उभा होतो.”

चाचा समुद्राकडे बघत होते.

“एक पाऊल टाकलं नाही मी आत.”

“हं...”

“पाय नुसते लटलटत होते.”

चाचांनी पहिल्यांदाच मान वळवली.

“मागे पळायला?”

“नाही. आत शिरायला.”

चाचा होडीवर बाजूला सरकले आणि त्याच्यासाठी जागा केली.

“मग बस बाबा जरा. फार लांबून आलायस.”