घरटी एक घोट

डोंगरापलीकडे एक जंगल होतं. तिथे राजा निवडून यायचा. दर वेळी तोच यायचा, ही गोष्ट वेगळी.

त्या जंगलात साळूमावशी नावाची साळिंदर औषधपाणी बघायची. जखम चिघळली की कडू सालीचा काढा द्यायची. नियम एकच: ज्याला दुखतंय त्यालाच द्यायचा आणि पुरे सात दिवस द्यायचा. तिसऱ्या दिवशी बरं वाटून कुणी सटकायला लागला की मावशी काटे फुलवून वाटेत उभी! "जंतू अजून अर्धमेलेच आहेत. मुकाट्यानं गीळ!" तो तोंड वाकडं करत गिळायचा आणि बरा व्हायचा.

निवडणूक जवळ आली तशी राजे अस्वलरावांची झोप उडाली. त्यांचे प्रधान कोल्हेसाहेब म्हणाले, "महाराज, ही बाई सात घोट एकाच आजाऱ्याला पाजते. घोट सात, मत एक! तेच सात जणांना पाजले तर?"

"पण बाकीचे सहा आजारी नाहीत ना?" राजांनी विचारलं. राजांनी आयुष्यात विचारलेला हा शेवटचा शहाणा प्रश्न.

"मत द्यायला आजारी कशाला असावं लागतंय, महाराज?"

झालं! 'घरटी एक घोट' योजना जाहीर झाली. राजे मोठ्या खडकावर चढून गरजले, "माझ्या वनबंधूंनो आणि वनभगिनींनो! आजवर औषधावर मूठभर आजाऱ्यांची मक्तेदारी होती. ती आम्ही मोडून काढली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. माकडांनी घोषणा दिली, "आजारी असो वा नसो, घोट सगळ्यांना पोचो!" द्रोणाद्रोणावर राजांच्या पंजाचा ठसा होता. माकडांनी दोन-दोन द्रोण नेले. पुढे घरोघरी फिरायचा कंटाळा आला, तेव्हा प्रधानांनी सगळा काढा सरळ पाणवठ्यात ओतायला लावला.

साळूमावशी धापा टाकत आली. "अहो, असं थेंब थेंब चाखवलंत तर जंतू मरायचे नाहीत, सरावतील! मग खरंच दुखेल तेव्हा काय देऊ मी, माझं कपाळ?"

"बाई, लोकांचं भलं बघवत नाही वाटतं तुम्हाला," प्रधान म्हणाले आणि तिची साल सरकारजमा झाली.

जंतूंना मताचा हक्क नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. लेकाचे रोज पाणवठ्यावर बसून शिकत होते. अख्ख्या जंगलात काही शिकणारे तेवढेच होते. राजे दणदणीत मतांनी आले.

मग गोदाक्का भेकरीच्या ठमीच्या खुरात काटा मोडला. एवढंसं पाडस ते! पाय सुजला. मावशीनं बिळात लपवलेली थोडी साल काढली आणि सात दिवस, एक घोट न चुकवता, तिला काढा पाजला. आठव्या दिवशी सूज गुडघ्यापर्यंत चढली होती.

मावशीनं सूज चाचपून पाहिली. "गोदाक्का, काढा तोच आहे गं. पण जंतू ते राहिले नाहीत." तिला रडू आवरेना.

त्याच आठवड्यात योजनेचा वाढदिवस होता. हार बोरीच्या फांदीवर गुंफला होता; तिचा काटा राजांच्या पंजात घुसला. पंजा भोपळ्याएवढा झाला. राजे अर्धा पाणवठा प्यायले, काही उपयोग नाही. रात्रंदिवस नुसतं "आई गं, आई गं" चाललेलं. शेवटी त्यांना हत्तीवर घालून शेजारच्या जंगलात न्यायचं ठरलं. तिथले जंतू काढ्याला सरावले नव्हते. औषध म्हणे फक्त आजाऱ्यालाच देतात, तेही सात दिवस.

हत्ती निघाला तेव्हा गोदाक्का वाटेत आडवी झाली. ठमी तिच्या पोटाला टेकून तीन पायांवर कशीबशी उभी होती.

"कोल्हेसाहेब, हत्तीवर एवढी जागा आहे. माझ्या पोरीलाही घ्या हो! चार दिवस गवताला तोंड लावलं नाही तिनं. मरेल हो ती!"

प्रधानांनी हात जोडले. "अक्का, असं रडता काय? सरकार तुमच्या पाठीशी आहे. तुमच्यासाठी अख्खा पाणवठा भरून ठेवलाय की!"

आणि जाता जाता त्यांनी ठमीच्या पुढ्यात एक कोरा करकरीत द्रोण ठेवला, पंजाचा ठसा तिला नीट दिसेल असा.