लिंबाची साक्ष

केरबा मोहित्याने नवी मोटारसायकल घेतली आणि मारुतीच्या देवळासमोर पूजेला उभी केली. हार घातला, नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ऐटीत वर बसला. आता किक मारणार, एवढ्यात सभापती आबासाहेबांनी मागे न बघता जीप मागे घेतली आणि केरबाला गाडीसकट आडवा केला. पाय मोडला.

केरबाने भरपाई मागितली, तर कोर्टात आबासाहेबच कडाडले, "हाच भरधाव येऊन माझ्या जीपवर आदळला! शिवाय मी जीपमधून उतरलो, तर याच्या लिंबावरून घसरून माझी कंबर लचकली. भरपाई मलाच पाहिजे!"

केरबा कुबडी टेकत उठला. "आबासाहेब, लिंबू चेपलेलं होतं का हो?"

"चेपलेलं कुठलं? चांगलं टणटणीत होतं! म्हणून तर पायाखालून गरगरलं!"

केरबा न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, ते पूजेचं लिंबू माझ्या चाकाखाली होतं. गाडी वीतभर जरी पुढे गेली असती, तर त्याचं सरबत झालं असतं."

न्यायाधीशांनी हसू दाबत केरबाला भरपाई मंजूर केली.

"आणि माझी कंबर?" आबासाहेब कण्हले.

"दृष्ट काढून घ्या," केरबा म्हणाला. "लिंबू मी पाठवतो."