दगडाचा गेटपास

एकदा एका सिमेंट कारखान्याच्या भट्टीप्रमुखाला आपल्या शाळेतल्या गुरुजींना कारखाना दाखवण्याची हौस आली. हौस यावी असंच त्याचं काम होतं. तीन वर्षांपूर्वी त्या चिमणीतून एवढा धूर निघे की आसपासच्या गावांतल्या बायका वाऱ्याची दिशा बघूनच धुणं वाळत घालत. आता भट्टीतला जवळजवळ सगळा कोळसा जाऊन त्याच्या जागी कापसाच्या वाळक्या काड्या, तिकडच्या भाषेत पऱ्हाट्या, जळत होत्या. धूळ पकडणारी यंत्रं बसली होती. चिमणीच्या टोकावर स्वच्छ आभाळ दिसत होतं. हे सारं हेमराज खिरटकर नावाच्या या भट्टीप्रमुखाने वरिष्ठांशी भांडून करून घेतलं होतं.

आठ दिवसांनी गावात जनसुनावणी होती. कारखान्याला दुसरी भट्टी बांधायची होती आणि त्यासाठी गावकऱ्यांपुढे म्हणणं मांडणं भाग होतं. मांडणार होता हेमराज. तो त्याच गावचा. लोक कंपनीवर विश्वास ठेवणार नाहीत, पण खिरटकरांच्या पोरावर डोळे मिटून ठेवतील, हे व्यवस्थापनाने बरोबर हेरलं होतं. भाषणातलं मुख्य वाक्यही ठरलं होतं : 'आमच्या भट्टीतून आता हवेत काहीही जात नाही.'

गुरुजींनी खाण पाहिली, भट्टी पाहिली, भाषणही ऐकलं. "कष्ट केलेस रे," एवढंच म्हणाले. हेमराजला जरा जास्त कौतुकाची अपेक्षा होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाकडून आणखी काय मिळणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

खरी पंचाईत फाटकावर झाली. पहारेकरी मडावी यांनी नियमाप्रमाणे गुरुजींची कापडी पिशवी तपासली, आणि आतून खाणीतला चुनखडीचा दगड निघाला, मोठ्या संत्र्याएवढा.

"गुरुजी, हे काय जी?"

"दगड आहे. मी उचलला."

हेमराजला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शाळेत कोणी दुसऱ्याचं खोडरबर न विचारता घेतलं तरी अख्ख्या वर्गाला तासभर उभं करणारा हा माणूस! तो घाईघाईने म्हणाला, "मडावी, जाऊ द्या हो. दगडच तर आहे."

"साहेब, तुमचे गुरुजी म्हणजे मलाही वडिलांसारखे. पण पासाशिवाय इथून खिळाही बाहेर जात नाही. गेल्या साली याच कारणावरून तुम्हीच एकाला घरी बसवलं."

"मडावीभाऊ अगदी बरोबर बोलतात," गुरुजी म्हणाले. "पास करा. परत आणून देतो."

मग दगड काट्यावर चढला. बरोबर एक किलो भरला. परत येणाऱ्या मालाचा गुलाबी पास निघाला, त्यावर जबाबदार अधिकारी म्हणून हेमराजने सही केली.

"पण गुरुजी, दगडाचं करणार काय?"

"भाजणार. आणि घाबरू नकोस, पऱ्हाट्यांवरच भाजीन."

गुरुजी दगड घेऊन निघून गेले. हेमराज हळहळला. एकेकाळी केवढी तल्लख बुद्धी होती!

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी फाटकावरून फोन आला. "साहेब, गुरुजी आले आहेत, पण माल जमा होत नाही." हेमराज वैतागून खाली गेला. भाषणाचे कागद त्याच्या खिशातच होते.

मडावींच्या टेबलावर पत्र्याचा डबा होता आणि डब्यात तोच दगड. तालुक्याच्या गावी गुरुजींच्या ओळखीचा एक चुना भाजणारा होता, त्याच्या भट्टीत दगड पूर्ण भाजून निघाला होता. रंग पांढराफटक झाला होता, आकार मात्र जवळजवळ तसाच.

"ओल्या हाताने धरू नका हं, हात भाजेल," गुरुजींनी बजावलं.

मडावींनी दगड कोरड्या फडक्याने उचलून काट्यावर ठेवला. सहाशे ग्रॅम. त्यांनी काटा साफ केला, पुन्हा ठेवला. सहाशेच.

"चारशे ग्रॅम कमी भरतो साहेब."

"घ्या ना जमा करून! उद्या सुनावणी आहे, मला शंभर कामं आहेत."

"कसा घेऊ? कमी भरला तर कारण लिहावं लागतं, आणि ज्याची सही त्यानेच लिहायचं." मडावींनी नोंदवही फिरवून त्याच्यापुढे सरकवली. पेनही ठेवलं.

"गुरुजी, तुकडा पडला का कुठे?"

"कणही नाही."

"मग जळणात..."

"जळण वेगळं होतं. ते दगडाच्या वजनात कधी नव्हतंच." गुरुजी मडावींच्या बाकावर टेकले. "लिही ना. का थांबलास?"

हेमराजने पेन उचललं. काय लिहायचं ते त्याला माहीत होतं. आता तुम्ही म्हणाल, भट्टीप्रमुखाला माहीत नसेल तर कोणाला? चुनखडी तापली की तिच्यात बांधलेला कर्बवायू, म्हणजे पृथ्वीचा ताप वाढवणारा कार्बन डायऑक्साइड, सुटतो आणि मागे चुना उरतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही. चिमणीवर कितीही वेळ डोळे लावून बसा, दिसायचा नाही.

"हे मला ठाऊक आहे गुरुजी," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ठाऊक आहेच. आठवीत मीच शिकवलं. तुला नवीन काही सांगायला मी आलो नाही. जळणाचा धूर तू घालवलास, त्यासाठी तुझी पाठ थोपटतो. पण पऱ्हाट्या जाळ, नाहीतर चंदन जाळ, दगडातलं जे जायचं ते जाणारच. उद्या गाव तुझ्या शब्दावर मान डोलावणार आहे. तुझ्या भाषणात हे चारशे ग्रॅम कुठे आहेत?"

हेमराजचा संताप उफाळून आला. "मग काय, कारखान्याला कुलूप लावू? तीन वर्षं घरी जेवायला वेळेवर गेलो नाही मी. त्याची काहीच किंमत नाही?"

"कुलूप कशाला? माझ्या घरावरचं छत सिमेंटचंच आहे, आणि पावसाळ्यात मी त्याखालीच झोपतो." गुरुजी हसले. "त्या चुना भाजणाऱ्याशी बसून गप्पा झाल्या. त्याचा आजा बांधकामाच्या चुन्यात विटांचा भुगा मिसळायचा, सुरखी. चुना कमी लागायचा, भिंत पक्की व्हायची. त्या बापड्याला हवेचं काही पडलं नव्हतं, त्याला जळण वाचवायचं होतं. तुझ्याकडे तसं काही नाही का?"

होतं. तेच तर दुखणं होतं. भट्टीतून निघणारे कडक खडे, ज्यांना क्लिंकर म्हणतात, ते दळून सिमेंट होतं. त्यातला निम्मा क्लिंकर काढून त्याजागी भाजलेली चिकणमाती आणि थोडी न भाजलेली चुनखडी दळून घालायची, अशी योजना हेमराजनेच दोन वर्षांपूर्वी केली होती. मातीला आच कमी लागते आणि तिच्यातून निघते ती बहुतेक पाण्याची वाफ. कामगारांच्या वसाहतीमागे त्या सिमेंटची एक भिंतही उभी होती, तडा न जाता. तसं केलं तर आहे त्याच भट्टीत जवळजवळ दुप्पट सिमेंट निघालं असतं. पण दुसरी भट्टी झाली की तो दोन्ही भट्ट्यांचा प्रमुख होणार होता. मातीची फाईल त्याने स्वतःच कपाटात तळाशी ठेवली होती. कोणी सांगितलंही नव्हतं.

गुरुजी यातलं काही बोलले नाहीत. बहुधा त्यांना माहीतही नसावं.

हेमराजने नोंदवहीत लिहिलं : 'चारशे ग्रॅम हवेत गेले.' खाली सही केली.

मडावींनी चष्मा लावून वाचलं. मग खाणीच्या रस्त्याकडे बघितलं. दगडाने भरलेले डंपर एकामागून एक आत येत होते.

"साहेब, मग या सगळ्याचं?"

"याचंही," हेमराज म्हणाला.

"आणि मी इथे बसून खिळे मोजतो," मडावी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच हेमराजला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत त्याने भाषणाचे कागद काढलेच नाहीत. गुलाबी पास आणि नोंदवहीतली आपली ओळ वाचून दाखवली, डब्यातला पांढरा दगड दाखवला, मग मातीची फाईल उघडली. मांडवात व्यवस्थापनाच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. गावातल्या एका बाईने उभं राहून विचारलं, "हे तू आम्हाला तीन वर्षं का नाही सांगितलंस, हेमराज?"

"धूर दिसेनासा झाला, काकू, आणि मी तेवढ्यावरच खूश झालो."

दुसऱ्या भट्टीचा प्रस्ताव परत गेला. मातीच्या सिमेंटची चाचणी सुरू झाली. हेमराजची बढती झाली नाही आणि वर्षभर वरिष्ठ त्याच्याशी कामापुरतंच बोलले. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट फारच गोड होईल.

गुलाबी पास मात्र मडावींच्या टेबलावर काचेखाली राहिला. एकदा नव्या तपासनिसाने तो पाहिला आणि विचारलं, "हा जुना पास अजून बंद का केला नाही?"

"कारण लिहिलंय, पण माल पूर्ण परत आल्याशिवाय बंद करता येत नाही जी," मडावी म्हणाले. "नियम आहे."

हेमराज शेजारीच उभा होता. त्याने मान हलवली आणि भट्टीकडे कामाला गेला.