हातधुणी

गावात शिरताना डाव्या हाताला ही जी दगडी डोणी दिसते ना, तिला आम्ही हातधुणी म्हणतो. वरच्या झऱ्याचं पाणी हिच्यात पडतं. स्ट्रॉबेरी निघाली की आमच्या उंबरदऱ्यात घरोघरी जॅमची पातेली चढतात, आणि त्या दिवसांत इथं हात धुतल्याशिवाय कुणी अंगणात पाय टाकत नाही. पाहुणे बघतात आणि म्हणतात, "काय हो तुमची स्वच्छता!" आता काय बोलावं या लोकांना? स्वच्छता म्हणे! बसा इथं, सांगतो.

असं सांगतात, की या गावात स्ट्रॉबेरी पहिल्यांदा लावली बयाजीनं. तो साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तिथून आणलेली चार रोपं त्यानं उतारावर, स्वतः दगड फोडून काढलेल्या तुकड्यात जगवली. त्याची बायको कोंडाई. तिनं मडमेच्या स्वयंपाकघरात डोकावून डोकावून जॅम शिकून घेतला आणि साखरेऐवजी गूळ घालून घरी करायला लागली. आमचा पावसाळा म्हणजे चार महिने नुसता कोंडमारा, भाजीचं पान दिसत नाही. तेव्हा पोरांना नाचणीच्या भाकरीला लावायला काहीतरी हवं, एवढाच तिचा हेतू. पोरं दोन, सात वर्षांची ताना आणि रांगता धाकटा.

बयाजीला एक भाऊ होता, दगडू. दगड फोडताना हा कधी फिरकला नाही, पण उतार लाल व्हायला लागला तशी त्याची नियत फिरली. तुकडा माझा, म्हणून रोज भांडण. गावानं समजावलं, पण ऐकेल तो दगडू कसला!

त्या दिवशी अंगणातल्या चुलीवर कोंडाईचं पातेलं रटरटत होतं. ताना धाकट्याला कडेवर घेऊन आईच्या मागेपुढे करत होती. तेवढ्यात दगडू आला. डोक्यावर फळांची पाटी, कमरेला कोयता, आणि हात कोपरापर्यंत लालभडक. तोडणीच्या दिवसांत बयाजीचेही हात रोज तसेच असायचे. कोंडाईला वाटलं, चला, भावाभावांचं मिटलं एकदाचं, भावजी तोडणीला लागले. बरं वाटलं हो तिला, बिचारीला.

"या भावजी," ती म्हणाली.

"दादानं पाटी धाडलीय. आन् पोरांना वाफ्यावर घेऊन ये म्हणालाय, फळं खायला."

"न्या की," म्हणत तिनं पाटी पातेल्यात उपडी केली.

फेस वर आला. नेहमीपेक्षा जास्त, आणि काळपट. ती डावानं तो काढायला लागली, तर डावात काळा दोरा आला, दोऱ्याला चांदीचा ताईत. बयाजी तापानं फणफणला होता, तेव्हा तिनंच त्याच्या गळ्यात बांधलेला. गाठ शाबूत होती, दोरा कापलेला होता. मानेवर कोयता बसला तेव्हाच तो पाटीत पडला असणार. नवऱ्याचं रक्त तिनं आपल्या हातानं चुलीवर चढवलं होतं. तिनं मान वर केली, तर दगडूनं धाकट्याला तानाच्या कडेवरून काढून घेतलेलं.

तुकड्याला वारस म्हणून आता ही पोरंच उरली होती. तेव्हा ती ओरडली असती तर पोर गेलंच होतं. कोंडाई साध्या आवाजात म्हणाली, "भावजी, पातेलं उतरवायला जरा हात लावा की. मला एकटीला पेलायचं नाही. पोरगं द्या तिच्याकडं."

दगडूनं पोर तानाकडं दिलं आणि फडकं घेऊन वाकला. "ताने, पळ!" कोंडाई ओरडली आणि पातेलं त्याच्या तोंडावर लोटलं. उकळतं पाणी निदान ओघळून तरी जातं. गुळाचा पाक चिकटून बसतो. त्यानं तोंड ओरबाडलं तशी कातडी हातात आली. आंधळ्यासारखा त्यानं कोयता फिरवला, तिच्या डाव्या हाताची बोटं तुटून निखाऱ्यात पडली. तरी ती थांबली नाही. उजव्या हातानं चुलीतलं जळतं लाकूड उपसून तिनं त्याला हाणत हाणत अंगणाबाहेर काढलं, कड्यापर्यंत नेलं. त्याची किंकाळी खाली खाली जाताना सगळ्या गावानं ऐकली.

लोकांनी वाफ्यावरून बयाजीला आणलं. पातेल्याच्या बुडाशी थोडं काही उरलं होतं. कोंडाईनं ते खरवडून चितेवर ठेवलं. "ह्याच्यात ते हायेत," ती म्हणाली. "त्यांच्यासंगंच जाऊ दे."

पुढच्या साली तिनं पुन्हा पातेलं चढवलं. बायका म्हणाल्या, अगं, वेड लागलं का तुला? "मग पावसाळ्यात पोरांनी काय खायचं, माझं डोंबल?" असं म्हणून ती एका हातानं ढवळत राहिली. पण ताना फळं तोडून आली, लाल हात घेऊन अंगणात शिरली, आणि कोंडाईनं पातेल्यातला तापलेला डाव उगारला. समोर आपली लेक आहे हेच तिला दिसेना. ताना रडली नाही. मागं फिरली, या डोणीत हात चोळचोळून धुतले, आणि अंगणाबाहेर उभं राहून दोन्ही तळवे पुढं केले.

"आये, बघ. धुतलं."

कोंडाई कितीतरी वेळ ते तळवे बघत राहिली. मग म्हणाली, "ये."

आजही तोडणीवरून आलेलं माणूस, पोर असो की म्हातारं, अंगणाबाहेर थांबतं, आणि चुलीशी जी कुणी असेल, आई, सून, बायको, तिला तळवे दाखवून तेच म्हणतं. कालच मी माझ्या म्हातारीला, बायकोला हो, म्हणालो, "आये, बघ. धुतलं." हसू नका, आमच्यात कुणी हसत नाही. ती तळवे निरखून बघते, अजिबात घाई करत नाही. एरवी मला अहोजाहो करते, पण त्या वेळी "ये" म्हणते, आणि मगच मी आत जातो.