पाचव्या चाकाचं कुंकू

प्रत्येक गाडीला पाच चाकं असायची, तेव्हाची ही गोष्ट. चार रस्त्यावर धावायची आणि पाचवं, म्हणजे स्टेपनी, डिकीत पडून असायचं. दसऱ्याला गिरजाबाई आपल्या गाडीची पूजा करायच्या, तेव्हा डिकी उघडून स्टेपनीलाही कुंकू लावायच्या.

चारही चाकांना ते खुपायचं. "खड्डे आम्ही सोसायचे आणि हिने झोपून पूजा घ्यायची," पुढचं डावं चाक म्हणायचं. गावोगावच्या चाकांची हीच कुरकुर होती. ती गाड्यांच्या कारखानदाराच्या कानावर गेली आणि एका चाकाचा खर्च वाचणार म्हणून त्याला ती सोयीचीच वाटली. गिरजाबाईंकडे नवी गाडी आली, तिच्या डिकीत स्टेपनी नव्हती. एक छोटा पंप आणि भोक बुजवणाऱ्या चिकाची बाटली होती. "आता पूजा फक्त आपली," नवी चाकं म्हणाली.

त्या थंडीत गिरजाबाईंच्या छातीत कळ आली. मुलगा सदाशिव त्यांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात निघाला. घाटात पुढच्या डाव्या चाकाची कड दगडाने फाटली. सदाशिवने चीक ओतला, पण तो सगळा रस्त्यावर वाहून गेला.

"मागे कुणी आहे का?" डाव्या चाकाने हाक मारली. डिकीतून उत्तर आलं नाही. उरलेली तीन चाकं धडधाकट होती, तरी गाडी जागची हलेना. सदाशिवने आईला पाठीवर घेतलं आणि तो घाट उतरू लागला.

पुढच्या दसऱ्याला सदाशिवने एकट्यानेच चार चाकांना कुंकू लावलं. नवा टायर चढवलेल्या डाव्या चाकाने हळूच विचारलं, "डिकी नाही उघडायची?"

"उघडणारी घाटातच गेली," मागचं चाक म्हणालं.